बारा प्राण्यांचे वर्षचक्र : उगम, अर्थ आणि धम्मदृष्टी

अजिंठा, वेरूळ आणि नागपूरची दीक्षाभूमी पाहण्यासाठी पूर्वेकडील बौद्ध देशांतून उपासक येतात. त्यांच्याकडून भेट मिळालेली दिनदर्शिका किंवा नववर्षाचे शुभेच्छापत्र आमच्या पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल. त्यावर कधी घोडा असतो, कधी ससा, तर कधी ढगांतून झेपावणारा ड्रॅगन. दर वर्षाचा प्राणी वेगळा आणि बारा वर्षांनी पुन्हा तोच. यालाच आपल्याकडे सरसकट 'चिनी राशी' असे म्हटले जाते. हे चित्र विहाराच्या भिंतीवर लागले की त्याबरोबर एक कथाही ऐकू येऊ लागते. ती अशी की, महापरिनिर्वाणापूर्वी भगवान बुद्धांनी सर्व प्राण्यांना बोलावले. बाराच प्राणी आले. ज्या क्रमाने ते आले त्या क्रमाने तथागतांनी एकेक वर्ष त्यांच्या नावे केले. उंदीर बैलाच्या पाठीवर बसून आला आणि शेवटच्या क्षणी उडी मारून पहिला ठरला. मांजराला त्याने उठवलेच नाही, म्हणून मांजराला वर्ष मिळाले नाही आणि दोघांचे वैर जडले.

कथा गोड आहे, मुलांना सांगण्यासारखी आहे. परंतु ती ऐकल्यावर दोन प्रश्न उभे राहतात. हे वर्षचक्र खरोखरच बुद्धांनी दिले काय? आणि माणूस ज्या वर्षी जन्मला त्या वर्षाच्या प्राण्यावरून त्याचा स्वभाव व भाग्य ठरते, ही समजूत धम्माशी सुसंगत आहे काय? यांपैकी दुसरा प्रश्न केवळ चीन-जपानपुरता नाही. जन्मावरून माणसाची किंमत ठरवण्याच्या रीतीशी ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या झुंज दिली, त्या समाजाने तो विचारलाच पाहिजे. म्हणून या चक्राची रचना, त्याचा उगम आणि बौद्ध परंपरेशी आलेला त्याचा संबंध यांचा क्रमाने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

चक्राची रचना

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्या परिचयाच्या मेष, वृषभ इत्यादी बारा राशी म्हणजे सूर्याच्या भासमान मार्गावरील आकाशाचे बारा भाग होत. चिनी चक्रातील प्राण्यांना मात्र आकाशात असे स्थान नाही. ते तारकासमूह नसून कालगणनेतील खुणा आहेत. म्हणून त्यांना राशी म्हणणे सोयीचे असले तरी काटेकोर नाही.

प्राचीन चीनमध्ये दिवस मोजण्यासाठी चिन्हांच्या दोन माळा वापरीत असत. पहिलीत दहा चिन्हे असून त्यांना 'स्वर्गाची खोडे' असे नाव आहे. दुसरीत बारा चिन्हे असून त्यांना 'पृथ्वीच्या फांद्या' म्हणतात. दोन्ही माळा एकाच वेळी पुढे सरकवल्या, म्हणजे पहिल्या खोडाबरोबर पहिली फांदी, दुसऱ्याबरोबर दुसरी असे करीत गेले, की अकराव्या स्थानी पहिले खोड पुन्हा येते. पण त्याची जोडी आता अकराव्या फांदीशी जुळते. अशा रीतीने साठ जोड्या झाल्यावर दोन्ही माळा पुन्हा आरंभाशी एकत्र येतात. दहा आणि बारा यांचा लघुतम साधारण विभाज्य साठ आहे, एवढेच त्यामागील गणित. आन्यांग येथे सापडलेल्या शांग राजवटीच्या अस्थिलेखांत, म्हणजे इसवी सनपूर्व तेराव्या शतकापासून, ही साठ दिवसांची गणना आढळते. पुढे हान राजवटीच्या काळात (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०) हीच पद्धत वर्षांनाही लागू झाली.

बारा फांद्यांपैकी प्रत्येकीला एक प्राणी जोडलेला आहे. आजचा क्रम असा : उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढा, माकड, कोंबडा, कुत्रा आणि डुक्कर. दहा खोडांची विभागणी लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी या पाच तत्त्वांत दोन-दोन अशी केलेली आहे. त्यामुळे पूर्ण नाव 'अग्नि-घोडा' किंवा 'लाकूड-ड्रॅगन' असे होते आणि ते साठ वर्षांनी एकदाच येते. वर्षाप्रमाणे दिवसाचेही बारा भाग पाडलेले असून प्रत्येक भाग दोन तासांचा असतो. रात्री अकरा ते एक ही वेळ उंदराची, एक ते तीन बैलाची, अशी ही मांडणी आहे.

एखाद्या वर्षाचा प्राणी काढणे सोपे आहे. इसवी सनाच्या आकड्यातून ४ वजा करून बाकीला १२ ने भागावे. शेष शून्य उरल्यास उंदीर, १ उरल्यास बैल, २ उरल्यास वाघ, असे वरील क्रमाने मोजावे. मात्र चिनी वर्ष १ जानेवारीस सुरू होत नाही. ते २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यानच्या अमावास्येला सुरू होते. म्हणून वर्षाच्या पहिल्या काही आठवड्यांत जन्मलेल्यांचा प्राणी आधीच्या वर्षाचा असतो. जपानने १८७३ पासून युरोपीय दिनदर्शिका स्वीकारली. तेथे प्राणी १ जानेवारीलाच बदलतो.

बाराच का, याचे एक कारण आकाशात आहे. गुरू हा ग्रह सुमारे ११.८६ वर्षांत आकाशाची एक फेरी पूर्ण करतो. चिनी ज्योतिर्विदांनी त्याला 'वर्षतारा' असे नाव दिले होते आणि त्याच्या फेरीवरून वर्षांचा बाराचा गट मोजला होता. भारतातही गुरूच्या गतीवरूनच बारा आणि साठ वर्षांची गणना रूढ झाली. गुढीपाडव्याला पंचांगातून ज्या संवत्सराचे नाव वाचले जाते तो त्याच साठांच्या मालिकेतील असतो. येथे एक नोंद घेण्यासारखी आहे. कालचक्र परंपरेबरोबर भारतीय संवत्सरगणना तिबेटात गेली आणि १०२७ हे तेथील पहिल्या साठ वर्षांच्या चक्राचे आरंभवर्ष धरले गेले. त्या चक्राचे तिबेटी नाव 'रबजुंग' हे 'प्रभव' या संस्कृत नावाचे भाषांतर आहे. १९८७ साली तिबेटी गणनेचे सतरावे चक्र सुरू झाले आणि महाराष्ट्रातील पंचांगांतही त्याच साली प्रभव संवत्सर आले. तिबेटी लोकांनी त्या वर्षाला चिनी रीतीने 'अग्नि-ससा' असेही म्हटले. दोन देशांच्या दोन गणना तिबेटात अशा एकत्र नांदतात.

उगमाचा पुरावा

या चक्राचा उगम कोठे, या प्रश्नाला दीर्घकाळ दंतकथा हेच उत्तर होते. १९७५ साली चीनच्या हूबेई प्रांतात श्वैहूदी येथे छिन राजवटीतील एका कनिष्ठ अधिकाऱ्याची समाधी उत्खननात सापडली. तिचा काळ इ.स.पू. २१७ च्या सुमाराचा, म्हणजे सम्राट अशोकाच्या निधनानंतर सुमारे पंधरा वर्षांचा. मृताच्या देहाभोवती हजाराहून अधिक बांबूपट्ट्या ठेवलेल्या होत्या. त्यांवर बहुतांशी कायदे व प्रशासनाचे नियम होते. पण त्यांतच 'दिवसांची पोथी' नावाचा शुभाशुभ दिवस सांगणारा ग्रंथही मिळाला.

या पोथीत चोर ओळखण्याचे एक प्रकरण आहे. चोरी ज्या फांदीच्या दिवशी झाली, त्या फांदीच्या प्राण्यावरून चोराचे वर्णन केलेले आहे. उंदराच्या दिवशी चोरी झाली असेल तर चोराचे तोंड निमुळते व दाढी विरळ असणार, असा तो प्रकार. बारा प्राण्यांच्या यादीचा हा सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक होय. १९८६ मध्ये कान्सू प्रांतातील फांगमातान येथेही अशाच पोथ्या सापडल्या.

या पुराव्यावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, हे प्राणी आरंभी जन्मवर्षाचे नव्हते. ते दिवसांना जोडलेले होते. दुसरी, श्वैहूदीची यादी आजच्या यादीशी पूर्णपणे जुळत नाही. ज्या फांदीला आज घोडा आहे तिथे त्या पोथीत हरिण आहे, आणि घोडा पुढच्या फांदीला आहे. ड्रॅगनच्या फांदीपुढे तर प्राण्याचे नावच लिहिलेले नाही. कोणा एका महापुरुषाने एका दिवशी बारा प्राण्यांचा क्रम लावून दिला असता तर सर्वांत जुन्या यादीत असा घोळ दिसला नसता. लोकव्यवहारात यादी हळूहळू स्थिरावली, हाच त्याचा अर्थ. तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. चीनमध्ये बौद्ध उपासनेचा पहिला विश्वसनीय उल्लेख इ.स. ६५ मधील आहे. श्वैहूदीची पोथी त्यापूर्वी पावणेतीनशेहून अधिक वर्षे जमिनीत पुरली गेली होती. तेव्हा धम्म चीनमध्ये पोहोचण्यापूर्वीच बारा प्राणी तेथे होते, हे निर्विवाद आहे. पाली त्रिपिटकात प्राण्यांच्या या निमंत्रणाची कथा नाही. चीनमध्येही ती बहुधा बुद्धांच्या नव्हे, तर स्वर्गाचा अधिपती मानल्या गेलेल्या जेड सम्राटाच्या नावे सांगितली जाते. बुद्धांचे नाव तिला नंतर जोडले गेले.

चिनी भूमीतील एक बुद्धिवादी

आज प्रचलित असलेली यादी आपल्याला प्रथम पाहावयास मिळते ती वांग छुंग या विचारवंताच्या 'लुन हंग' या ग्रंथात. वांग छुंग इ.स. २७ मध्ये जन्मला व पहिल्या शतकाच्या अखेरीस वारला. घरची गरिबी. पुस्तके विकत घेणे शक्य नव्हते, म्हणून राजधानी लोयांगच्या बाजारात पुस्तकांच्या दुकानांतून उभ्या उभ्या वाचून त्याने विद्या संपादन केली, असे त्याच्या चरित्रात म्हटले आहे. ज्यांना विद्येसाठी दाराबाहेर उभे राहावे लागले त्यांच्या वारसांना ही हकीकत निराळ्या जिव्हाळ्याने वाचावीशी वाटेल.

त्याने ही यादी दिली ती तिचे समर्थन करण्यासाठी नव्हे. पाच तत्त्वे एकमेकांवर मात करतात आणि म्हणून त्या तत्त्वांचे प्राणीही एकमेकांवर मात करतात, असा पंडितांचा सिद्धांत होता. वांग छुंगने तो प्रत्यक्षाच्या कसोटीवर घासला. उंदराचे तत्त्व पाणी, घोड्याचे अग्नी. पाणी अग्नीला विझवते, मग उंदीर घोड्याला का पळवून लावत नाही? कोंबड्याचे तत्त्व धातू, सशाचे लाकूड. धातू लाकडाला कापतो, मग कोंबडा सशाला का खात नाही? एक प्राणी दुसऱ्यावर मात करतो तो दात, नखे, बळ, चपळाई आणि धैर्य यांच्या जोरावर, तत्त्वांच्या कोष्टकामुळे नव्हे, हा त्याचा निष्कर्ष. चिकित्सा ही केवळ आधुनिक काळाची किंवा पश्चिमेची देणगी आहे असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. ज्या भूमीत हे चक्र जन्मले त्याच भूमीत जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी त्यावर प्रश्नही विचारला गेला.

बौद्ध परंपरेतील प्रवेश

धम्म चीनमध्ये गेला तेव्हा ही लोकसमजूत तेथे रुजलेली होती. बौद्ध आचार्यांनी तिच्याशी कसा व्यवहार केला, हे पाहणे उद्बोधक आहे.

चीन आणि भारत यांना जोडणाऱ्या मध्य आशियाई मार्गावर नीया येथे ऑरेल स्टाइन यांना खरोष्ठी लिपीतील अनेक लेख मिळाले. ते सुमारे तिसऱ्या शतकातील असून त्यांची भाषा गांधारी प्राकृत, म्हणजे पालीची भगिनी आहे. त्यांपैकी एका लेखात उंदरापासून सुरू होणारे बारा प्राणी आलेले आहेत आणि त्यांना चक्क 'नक्षत्र' म्हटले आहे. कोणत्या दिवशी कोणते काम करावे याची ती सूची आहे. प्राणी चीनचे, शब्द भारताचा, असा हा संगम.

दुसरा पुरावा महासन्निपात सूत्राचा. भारतातून गेलेल्या धर्मक्षेम या भिक्षूने पाचव्या शतकाच्या आरंभी या सूत्राचा चिनी अनुवाद केला. त्यात जंबुद्वीपाबाहेरील समुद्रात चार दिशांना पर्वत असून त्यांच्या गुहांत बारा प्राणी राहतात, असे वर्णन आहे. वाघाच्या जागी तेथे सिंह आहे. हे प्राणी करुणेची साधना करतात. त्यांपैकी एकेक प्राणी आळीपाळीने एक अहोरात्र जंबुद्वीपात फिरतो आणि आपल्यासारख्या योनीतील जीवांना सन्मार्ग दाखवतो. तेव्हा उरलेले अकरा आपापल्या ठिकाणी साधनेत राहतात. यादी तीच राहिली, पण तिचा आशय मुळापासून बदलला. चोराचा चेहरा सांगणारा उंदीर येथे करुणेचा प्रचारक झाला. भविष्य सांगणे हे त्याचे काम उरले नाही.

तिसरे उदाहरण थिएन-थाय परंपरेचे आचार्य झियी (५३८–५९७) यांचे. ध्यानविषयक आपल्या महाग्रंथात त्यांनी ध्यानात येणाऱ्या विघ्नांचा विचार केला आहे. बारा प्रहरांचे बारा प्राणी साधकापुढे नाना रूपे घेऊन येतात व त्याला भुलवतात किंवा भिववतात, असे तेथे म्हटले आहे. त्यावरील उपाय लक्षणीय आहे. कोणत्या प्रहरी हे रूप आले ते पाहावे, त्यावरून प्राणी ओळखावा आणि त्याचे नाव घ्यावे. ओळखले गेले की ते रूप निघून जाते. ना बळी, ना नवस, ना पुरोहित. भय ओळखणे हाच भयावरचा उतारा. सहाव्या शतकाच्या भाषेत सांगितलेले हे मानसशास्त्रच होय.

सर्वच व्यवहार इतका स्वच्छ होता असे मात्र नाही, हेही सांगितले पाहिजे. दिव्यावदानातील शार्दूलकर्णावदान आमच्या वाचकांना परिचित असेल. विहिरीवर आनंदाला पाणी देणाऱ्या प्रकृती या चांडाल कन्येच्या निमित्ताने आलेली ही कथा. तीत मातंगांचा राजा त्रिशंकू आपल्या मुलासाठी पुष्करसारी ब्राह्मणाच्या मुलीला मागणी घालतो आणि ब्राह्मण संतापला असता जन्माधिष्ठित श्रेष्ठत्वाचे एकेक युक्तिवादाने खंडन करतो. जातिभेदाचे इतके सडेतोड खंडन प्राचीन वाङ्मयात विरळच. परंतु आपली विद्वत्ता सिद्ध करताना तोच त्रिशंकू नक्षत्रांची फळेही विस्ताराने सांगतो. या अवदानाचे चिनी अनुवाद झाले आणि त्यांबरोबर भारतीय नक्षत्रविद्या चीनमध्ये पोहोचली. ज्या ग्रंथाने जन्मजात उच्चनीचता नाकारली त्याच ग्रंथाच्या पाठीवर बसून जन्मनक्षत्राचे फळ दुसऱ्या देशात गेले. बैलाच्या पाठीवरील उंदरासारखाच हा प्रकार झाला. ग्रंथ आपला आहे म्हणून त्यातील सर्व काही धम्म ठरत नाही, हा धडा यातून घ्यावयाचा.

आईचे पत्र

हे चक्र लोकांच्या जीवनात कसे उपयोगी पडले याचे एक हृदयस्पर्शी उदाहरण सहाव्या शतकातील आहे. उत्तर चीनमध्ये तेव्हा दोन राज्यांचे वैर चालू होते. यूवन हू हा उत्तर चौ राज्याचा सर्वसत्ताधीश मंत्री. त्याची वृद्ध आई मात्र शत्रूच्या, उत्तर छी राज्याच्या, ताब्यात कैक वर्षे अडकलेली होती. तिच्या नावे मुलाला जे पत्र पाठवण्यात आले त्यात तिने जुन्या खुणा दिल्या आहेत. थोरला उंदराच्या वर्षाचा, मधला सशाच्या आणि तू सापाच्या वर्षाचा, असे ती लिहिते. ५६४ साली तिची सुटका झाली आणि मायलेकांची भेट झाली.

या पत्रात साप म्हणजे कपटी किंवा ससा म्हणजे भित्रा, असा काहीही भाव नाही. एका आईने आपल्या लेकरांची वये लक्षात ठेवण्यासाठी वापरलेली ती खूण आहे. आपल्या आजी-आजोबांना जन्मतारीख ठाऊक नसे. प्लेगच्या साली झाला, मोठ्या दुष्काळात झाली, अशाच खुणांनी ते वय सांगत. ज्यांच्या हाती लेखणी येऊ दिली गेली नाही त्यांनी स्मरणाच्या अशाच गाठी मारल्या. बारा प्राण्यांचे हे रूप निरागस आहे. ते जतन करण्यास कोणाचीच हरकत असू नये.

पूर्वेकडील देशांनी हे चक्र आपापल्या भूमीप्रमाणे वळवून घेतले. व्हिएतनाममध्ये सशाच्या जागी मांजर आहे आणि बैलाच्या जागी रेडा. जपानमध्ये डुकराऐवजी रानडुक्कर आहे. थायलंडमध्ये ड्रॅगनच्या ठिकाणी नाग येतो. चीनच्या कथेत वगळलेले मांजर व्हिएतनाममध्ये मानाने बसले आहे, यावरूनच या प्राण्यांत विश्वाचा अटळ नियम नसून माणसांचा संकेत आहे, हे ध्यानात यावे. एकाच दिवशी जन्मलेले बाळ सीमेच्या अलीकडे ससा आणि पलीकडे मांजर होणार असेल, तर त्याचा स्वभाव कोणावर जाणार?

खूण जेव्हा शिक्का होते

मोजण्याची खूण माणसाच्या कपाळावरचा शिक्का झाली की काय होते, याचे ठळक उदाहरण जपानमध्ये आहे. साठ वर्षांनी येणाऱ्या अग्नि-घोड्याच्या वर्षी जन्मलेली स्त्री उग्र स्वभावाची निपजते व पतीच्या नाशास कारण होते, अशी समजूत तेथे एदो काळापासून पसरली. प्रियकराची भेट व्हावी म्हणून आग लावल्याच्या आरोपावरून १६८३ मध्ये एदो शहरात जिवंत जाळण्यात आलेली भाजीविक्रेत्याची मुलगी ओशिची हिचा जन्म १६६६ चा, म्हणजे अग्नि-घोड्याच्या वर्षाचा, मानला गेला. कथा-नाटकांनी ती लोकांच्या मनात ठसवली. एका अभागी मुलीच्या शोकांतिकेतून सर्व मुलींविरुद्ध नियम तयार झाला. १९०६ साली जन्मलेल्या जपानी मुली लग्नाच्या वयाच्या झाल्या तेव्हा त्यांना या समजुतीचा जाच सोसावा लागला.

१९६६ साल आले तेव्हा जपान हे जगातील अग्रगण्य औद्योगिक राष्ट्र होते. आदल्याच वर्षांत तेथे वेगवान बुलेट रेल्वे धावू लागली होती. तरीही त्या एका वर्षी काय घडले ते आकडेच सांगतात. १९६५ मध्ये जपानमध्ये सुमारे १८ लाख २४ हजार बालके जन्मली. १९६६ मध्ये सुमारे १३ लाख ६१ हजार. आणि १९६७ मध्ये पुन्हा १९ लाख ३६ हजार. एका वर्षात चतुर्थांश जन्म घटले आणि पुढच्याच वर्षी भरून निघाले. युद्ध नव्हते, दुष्काळ नव्हता, साथ नव्हती. मुलगी झाली तर तिच्या लग्नाचे काय, या एका भीतीने लाखो कुटुंबांनी अपत्य पुढे ढकलले. समजुतीवर विश्वास नसणाऱ्यांनीही ती पाळली, कारण शेजारी ती पाळतील याची त्यांना धास्ती होती. अंधश्रद्धेचे बळ श्रद्धेत असते त्याहून अधिक या धास्तीत असते. १७ फेब्रुवारी २०२६ रोजी चिनी गणनेने पुन्हा अग्नि-घोड्याचे वर्ष सुरू झाले. १९६६ मध्ये जन्मलेल्या स्त्रियांना तेव्हा साठ वर्षे होत होती. त्या आपापल्या घरी, कचेरीत, शाळेत इतर चारचौघींसारख्याच जगल्या, यापेक्षा वेगळे खंडन ते कोणते?

याच्या उलट ड्रॅगनचे वर्ष भाग्याचे मानले जाते. सिंगापूर, हाँगकाँग आणि तैवान येथे अशा वर्षी जन्मांची संख्या वाढलेली आढळून आली आहे. परंतु एकाच वर्षी अधिक मुले जन्मली की शाळेच्या प्रवेशाला आणि पुढे नोकरीला त्यांच्यातच अधिक चढाओढ होते. भाग्यासाठी निवडलेले वर्षच मुलांची वाट अरुंद करते.

जपानला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. 'मंगळाची मुलगी' म्हणून किती स्थळे परत जातात, 'मूळ नक्षत्रावर जन्मली' म्हणून किती सुनांना बोल लावले जातात, हे आपण पाहतो. दोन्ही ठिकाणी दोष शेवटी मुलीच्याच वाट्याला यावा, हा काही ग्रहांचा किंवा प्राण्यांचा योगायोग नव्हे. आणि खेदाने नमूद करावे लागते की, त्रिसरण-पंचशील घेऊन मंगल परिणय लावणाऱ्या काही घरांतूनही त्यापूर्वी गुपचूप पत्रिका दाखवली जाते.

धम्माची कसोटी

भगवान बुद्धांचा याविषयीचा दृष्टिकोन संदिग्ध नाही. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्त आणि सामञ्ञफलसुत्त यांत ग्रहणे, ग्रहगती, अंगलक्षणे, स्वप्ने यांवरून भविष्य सांगून उपजीविका करणे भिक्षूला निषिद्ध ठरवले आहे. या विद्यांना तेथे 'तिरच्छानविज्जा' अशी संज्ञा आहे. तिरच्छान म्हणजे पशू. शब्दशः 'पशुविद्या'. बारा पशूंवरून माणसाचे भाग्य सांगणाऱ्या विद्येला याहून नेमके नाव शोधूनही सापडले नसते.

नक्खत्तजातकाची कथाही येथे आठवते. एका कुटुंबाने मुलाचे लग्न ठरवले, दिवस निश्चित केला आणि मग आपल्या घरी येणाऱ्या आजीवकाला विचारले. आपल्याला आधी विचारले नाही या रागाने त्याने त्या दिवसाचे नक्षत्र अशुभ असल्याचे सांगितले. वऱ्हाड गेले नाही. मुलीकडच्यांनी सर्व तयारी केली होती. वाट पाहून त्यांनी मुलगी दुसऱ्या स्थळी दिली. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड पोहोचले ते भांडण करून रिकाम्या हाताने परतण्यासाठी. हितकारक कार्य पार पडणे हेच शुभ नक्षत्र. ताऱ्यांची वाट पाहणाऱ्याचे हित त्याला ओलांडून जाते, असा कथेचा इत्यर्थ. मंगलसुत्त आपण विहारात नित्य म्हणतो. तेही मंगल कशाला म्हणावे या प्रश्नाचेच उत्तर आहे, आणि त्या उत्तरात एकही तिथी, तारा किंवा शकुन नाही. मातापित्यांची सेवा, सत्संग, विद्या, निर्दोष कर्म, दान अशी आचरणाचीच मंगले तेथे सांगितली आहेत.

माणूस जन्माने नव्हे तर कर्माने श्रेष्ठ वा हीन ठरतो, हा बुद्धांचा सिद्धांत आपण जातीच्या संदर्भात नेहमी सांगतो. तो जितका जातीला लागू आहे तितकाच जन्मवर्षाला आणि जन्मनक्षत्राला लागू आहे. वर्ण सांगणारा पुरोहित आणि भाग्य सांगणारा ज्योतिषी यांचे गृहीतक एकच : तू काय करतोस ते पाहण्याची गरज नाही, तू केव्हा व कोणाच्या पोटी जन्मलास एवढेच पुरे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात कर्मसिद्धांताची जी मांडणी केली आहे, तिचा रोख माणसाला गतजन्माच्या आणि दैवाच्या जोखडातून सोडवून त्याच्या वर्तमान कृतीला उत्तरदायी करण्याकडे आहे. चिनी गणनेने पाहिले तर बाबासाहेबांचे जन्मवर्ष १८९१ हे सशाचे आणि धम्मदीक्षेचे वर्ष १९५६ हे माकडाचे. या माहितीने त्यांच्या कार्याचा एक कणही उलगडत नाही. त्यांचे जीवन घडले ते अध्ययनाने, संघर्षाने आणि शीलाने.

समारोप

आमचे प्रतिपादन थोडक्यात असे. बारा प्राण्यांचे चक्र ही प्राचीन चिनी समाजाची कालगणनेची निर्मिती आहे. बुद्धांनी ते दिलेले नाही. दिवस मोजण्याच्या चिन्हांना प्राणी जोडले गेले, त्यांना शकुन चिकटले आणि पुढे ते जन्मवर्षापर्यंत येऊन पोहोचले. बौद्ध आचार्यांनी त्यांना कोठे करुणेचा अर्थ दिला, कोठे भय ओळखण्याचे साधन केले, तर कोठे लोकसमजूत तशीच चालू दिली. यांपैकी कोणते घ्यावे आणि कोणते सोडावे, हे ठरवण्याची कसोटी आपल्यापाशी आहे.

म्हणून परदेशी धम्मबांधवांनी दिलेली दिनदर्शिका विहारात अवश्य लावावी. मुलांना त्यावरील प्राणी दाखवावेत, उंदीर-बैलाची गोष्ट गोष्ट म्हणूनच सांगावी. दहा आणि बारांच्या जोडीतून साठ कसे होतात, हे त्यांच्याकडून सोडवून घ्यावे. त्या गणितात अनेक राष्ट्रांची बुद्धी एकवटली आहे, तिचा आदर करावा. पण कोणी त्या चित्राकडे बोट दाखवून 'ही मुलगी घोड्याच्या वर्षाची' असे म्हणू लागला, तर झियी आचार्यांचा उपाय करावा. ते भय ओळखावे, त्याला त्याच्या नावाने हाक मारावी आणि मुलीच्या हाती पुस्तक द्यावे.